मुजीब सरांनी खोडलेली ओळ

भाभी, सना, संचालक मॅडम, सगळे सर-मॅडम, आणि लातूरहून, किनवटहून, कुठून कुठून एसटी धरून आलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मला बोलायची सवय आहे. दाळमिलमध्ये रोज सकाळी कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी सगळ्या माणसांपुढं उभी राहून बोलते. आज मुजीब सरांच्या शोकसभेत मात्र जमेल की नाही, ठाऊक नाही. येताना गाडीत चार वेळा पाठ केलं होतं. हॉलकडे वळताना जिन्याखालची ती खोली दिसली, दाराला कुलूप दिसलं, आणि पाठ केलेलं सगळं गेलं. तेव्हा जसं येईल तसं बोलते. सांभाळून घ्या.

मी वर्षा. मुखेडची. बसस्टँडसमोरच्या टेलरची मुलगी. विद्यापीठाच्या याच संकुलातून मी एमबीए केलं. माझे वडील तिसऱ्या रांगेत बसलेत, पांढऱ्या टोपीतले. त्यांना म्हटलं होतं, बाबा, तब्येत बरी नाही, तुम्ही नका येऊ. तर म्हणाले, "त्यो माणूस माझ्या दुकानात भुईवर बसून जेवलाय. तू कोण मला नको म्हननारी?"

जिन्याखालची खोली तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. पण मागं नवीन बॅचची मुलं उभी आहेत, त्यांच्यासाठी सांगते. दारावरची पाटी मोठी भारदस्त, 'विद्यार्थी साहाय्य कक्ष'. आणि आत काय? एक टेबल, दोन खुर्च्या, पाण्याचा माठ आणि एक लोखंडी कपाट. सरांना वरच्या मजल्यावर चांगली केबिन होती. पण खेड्यातली पोरं वर यायला बिचकतात, जिन्यापर्यंत येऊन परत जातात, हे सरांनी पाहिलं आणि ते स्वतःच खाली येऊन बसले. सर आम्हाला ऑपरेशन्स शिकवायचे. सगळ्यांच्या प्रोजेक्टचे समन्वयक तेच. आठवड्यातले दोन दिवस लातूरच्या वर्गाला. एवढं करून उरलेला सगळा वेळ त्या जिन्याखाली.

तिथं कोण कोण यायचं? विषय निवडता येईना, तो यायचा. हॉस्टेल सुटलं, तो यायचा. मुलाखतीला कोट नाही, तो तर हमखास यायचा, कारण त्या लोखंडी कपाटात सरांनी सहा कोट जमवून ठेवले होते. ज्याच्या अंगाला जो बसेल तो. पहिल्या वर्षी वर्गात उभं राहून बोलायची वेळ आली की सर म्हणायचे, पहिल्यांदा घरच्या भाषेत बोल बेटा, इंग्रजी पळून चालली न्हाई. आमच्या वर्गातली किनवटची एक मुलगी, ती पलीकडं बसली आहे, डोळे पुसते आहे, तिनं अख्खं मार्केटिंग बंजारा भाषेत सांगितलं होतं. एक शब्द कुणाला कळला नाही. सरांनी टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, "विकत घ्यावंसं वाटलं मला. काय ते ठाऊक न्हाई, पण घ्यावंसं वाटलं." आज ती बँकेत मॅनेजर आहे, आणि इंग्रजीत आमच्यापेक्षा फाडफाड बोलते.

आता ज्यासाठी उभी राहिले, ते.

सरांचा एक नियम सगळ्यांना माहीत आहे. प्रोजेक्टच्या रिपोर्टात सुरुवातीला जे आभाराचं पान असतं, ॲक्नॉलेजमेंट, त्यात ज्यांचे आभार मानलेत त्यांच्यासमोर जायचं आणि ते पान त्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचं. मग परत येऊन ते काय म्हणाले ते सरांना सांगायचं. तोवर सही नाही. तुम्ही सगळ्यांनी हे केलंय. शिव्या देत केलंय. कुणी कंडक्टरला वाचून दाखवलं, कुणी चुलतीला. एकानं मेसच्या काकूंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "त्ये आभार ऱ्हाऊ दे, भाजीला कांदा म्हाग झालाय त्ये लिव्ह की." सरांनी ते वाक्य पुढं वर्षभर सगळ्यांना सांगितलं.

पण हा नियम आला कुठून, हे तुम्हाला माहीत नाही. सरांनी कुणाला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. हा नियम माझ्यामुळं आला. मी काही चांगलं केलं म्हणून नाही आला.

माझ्या मिलचे मालक इथं आलेत. त्यांनाही ऐकू द्या.

दुसऱ्या वर्षाच्या आधी उन्हाळ्यात दोन महिने कंपनीत काम करायचं असतं. माझी पुण्याच्या एका कंपनीत सोय झाली होती. घरी नको म्हणाले. दोन महिने, एकटी पोरगी, पुण्यात, राहणार कुठं? आजी रडायला लागली. मी गेले नाही. आणि ही गोष्ट इथं येऊन सांगायची मला लाज वाटली. मैत्रिणी हिंजवडीचे फोटो पाठवत होत्या, आणि मी मुखेडात बसून कैऱ्या चिरत होते. मग कॉलेज उघडल्यावर मी तेच केलं जे तेव्हा पुष्कळ जण करायचे. झेरॉक्सच्या दुकानात गेले. तिथं तयार रिपोर्ट मिळायचे. जुन्या कुणाचा तरी, दुसऱ्या कुठल्या विद्यापीठाचा. नाव बदलायचं, कंपनीचा कागद जोडायचा, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, झालं. माझे गाईड दुसरे सर होते, त्यांच्यापुढं शंभर रिपोर्टांचा ढीग होता. त्यात माझ्याही रिपोर्टावर सही झाली.

वायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या दिवशी बाबा म्हणाले, मी येतो. वायवा म्हणजे काय असतंय ते बघायचंय. पहाटेची गाडी, नवीन सदरा, पिशवीत पेढे. व्हरांड्यातल्या बाकावर बसले. मी आत गेले. आत बाहेरगावचे परीक्षक, आणि शेजारी मुजीब सर.

सरांनी माझा रिपोर्ट उचलला आणि पहिल्यांदा आभाराचं पान उघडलं. त्यांची ती जुनीच खोड. सरांचे अब्बा जुन्या गावात जिल्दसाज होते, पुस्तकांची बांधणी करायचे. लहानपणी सर दुकानात बसून सुटी पानं क्रमानं लावत. मोठमोठे प्रबंध यायचे. त्यातलं काहीएक कळायचं नाही. फक्त आभाराचं पान कळायचं. सर म्हणायचे, त्या एका पानावर माणूस माणसासारखा बोलतो, पुढं मग पुस्तकासारखा बोलायला लागतो.

सरांनी पान वाचलं. माझ्याकडं पाहिलं. मग दाराकडं पाहिलं. आणि हळूच विचारलं, "बाहेर बाकावर बसलेत, ते कोण?"

मी म्हटलं, "माझे वडील, सर."

सरांनी रिपोर्ट माझ्यापुढं सरकवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. इंग्रजीत होती. मी ती तोवर वाचलीच नव्हती. अहो, चोरलेलं कोण वाचतं? त्या ओळीत लिहिलं होतं की हा रिपोर्ट मी माझ्या स्वर्गवासी वडिलांच्या स्मृतीस अर्पण करते, ज्यांचा हात आज माझ्या डोक्यावर नाही.

आणि बाबा बाहेर पेढे घेऊन बसलेले.

तुम्ही हसलात. हसा. मीही नंतर पुष्कळ हसले. पण त्या दिवशी मला वाटलं, भुई दुभंगावी. सर काय करू शकत होते? तिथल्या तिथं ते पान परीक्षकांपुढं धरू शकत होते. माझं नाव कॉपीच्या प्रकरणात गेलं असतं, आणि ते रास्तच झालं असतं. किंवा डोळेझाक करू शकत होते. मी पास झाले असते. पुण्याच्या एका कंपनीत माझी निवड झालेली होती, निकाल लागला की जायचं, या वेळी घरचेही तयार होते. सरांनी दोन्ही केलं नाही. ते परीक्षकांना म्हणाले, "हा रिपोर्ट या मुलीचा न्हाई. हिचा अजून व्हायचाय. तो झाला की तुमच्यापुढं आणतो. तोवर हिला गैरहजर धरा, आणि समन्वयक मी हाय, बोल लावायचा तर मला लावा." परीक्षक भले होते. त्यांनी सरांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि रिपोर्ट मिटला.

गैरहजर. म्हणजे निकाल राखीव. म्हणजे ती नोकरी गेली. मी सहा महिने सरांवर चिडून होते. आज त्यांच्या फोटोपुढं उभी राहून सांगते, लई चिडून होते. वाटायचं, शंभरातले साठ असेच पास झाले, मीच काय घोडं मारलं होतं?

पण त्या दिवशीचं अजून संपलं नाही. सर माझ्याबरोबर व्हरांड्यात आले. बाबा उठून उभे राहिले आणि लगेच पेढ्यांचा पुडा उघडायला लागले. मला वाटलं, आता सर सांगणार. मी टेलरची पोर, हे त्यांना ठाऊक होतं. सर म्हणाले, "मास्टर, थोडं काम राहिलंय पोरीचं. पेढे ठेवा, खराब व्हायचे न्हाईत. चला, पाणी पिऊ." आणि आम्हाला जिन्याखालच्या खोलीत घेऊन गेले.

कपाट उघडं होतं. बाबा पाणी प्यायचं सोडून कपाटाकडं गेले. एक कोट काढला, खांद्याला चिमटीत धरला, उलटा केला, अस्तर बघितलं. मग सरांना म्हणाले, "सायेब, राग नका धरू, पन ह्ये कुनी शिवलंय? खांदा उतरलाय. ह्यो घालून पोरगं मुलाखतीला गेलं तर उसना दिसंल."

सर म्हणाले, "उसनाच हाय, मास्टर."

बाबा म्हणाले, "आसंना. दिसाय नको."

सरांनी तो कोट हातात घेऊन स्वतः खांदा चाचपला. मग बाबांना खुर्चीवर बसवलं आणि दुकानाबद्दल विचारायला लागले. किती मशिनी? कोणत्या शाळांचे गणवेश? जूनमध्ये काय होतं? बाबा मोकळे झाले. म्हणाले, जून म्हंजे आमचा शिमगा. शाळा उघडती आन् निम्मे ड्रेस ऱ्हायलेले असत्यात, हेडमास्तर दुकानात येऊन बोलून जातो. सरांनी विचारलं, का राहतात? बाबा म्हणाले, ते जर ठाऊक आसतं तर?

सर माझ्याकडं वळले. "ऐकलंस? हा तुझा प्रोजेक्ट."

मला सांगा, मला काय वाटलं असेल? मैत्रिणींच्या रिपोर्टांवर मोठ्या कंपन्यांची बोधचिन्हं, आणि माझ्या रिपोर्टावर काय लावू, कात्री? संकुलाच्या समितीतही कुणीतरी बोललं, प्रोजेक्ट नोंदणीकृत संस्थेतच पाहिजे. सर म्हणाले, दुकानाला शॉप ॲक्टचं लायसन हाय, भिंतीवर देवाच्या शेजारी फ्रेम करून लावलंय, ते नोंदणीकृत न्हाई तर काय हाय? ते बघायला सर स्वतः मुखेडला आले होते. त्याच दिवशी दुकानातच भुईवर बसून जेवले. आईच्या हातची शेंगाचटणी दोनदा मागून घेतली.

साठ दिवस मी बाबांच्या दुकानात हातात घड्याळ आणि वही घेऊन बसले. ज्या दुकानात मी रांगायला शिकले ते दुकान मी कधी पाहिलंच नव्हतं. कटिंग, शिलाई, काज, बटण, इस्त्री. आम्हाला वाटायचं, शिलाईला वेळ लागतो. शिलाईला लागतच नव्हता. काजं करणारे एकच चाचा होते, आणि आठवडाभर शिवून ठेवलेले सगळे सदरे शेवटच्या दिवशी त्यांच्यापुढं पडायचे. चाचा बिचारे सहा दिवस चहा पीत बसायचे आणि सातव्या दिवशी शिव्या खायचे. मी म्हटलं, बाबा, रोज संध्याकाळी जेवढे झाले तेवढे चाचांकडं द्या. एवढंच. बाबा म्हणाले, "ह्येच्यासाठी दोन वर्सं शिकलीस?" पण करून बघितलं. त्या जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी गणवेश तयार होते. पुढं वर्षभर गिऱ्हाइकाला बाबा सांगायचे, "आमच्याकडं एमबीए हाय."

मग प्रमाणपत्र पाहिजे. दुकानाच्या मालकानं लिहून द्यायचं, की सदर विद्यार्थिनीनं आमच्याकडं साठ दिवस काम केलं. बाबांनी पावतीपुस्तकाच्या पानावर लिहिलं, शिक्का मारला. 'वर्तणूक' असा एक रकाना होता. तिथं पेन थांबला. मी म्हटलं, चांगली लिहा की. तर म्हणाले, "थांब, इच्यार करू दे."

आणि शेवटी आभाराचं पान. ते मी स्वतः लिहिलं. सर म्हणाले, "हे आता मास्टरना वाचून दाखव. मराठीत. ते काय म्हणतात ते मला येऊन सांग. मग सही." मी गेले. बाबा मशीनवर होते. मी वाचलं. त्यांनी मान वर केली नाही, मशीन चालूच. मग मला राहवेना. पहिल्या रिपोर्टाचं सगळं सांगून टाकलं. की बाबा, त्यात मी तुम्हाला मारलं होतं.

मशीन थांबलं. बाबांनी सुईतला दोरा काढून परत ओवला. मग विचारलं, "त्यो मेलेला बाप कसा व्हता गं? चांगला व्हता का?"

मी म्हटलं, "लई चांगला लिहिला होता, बाबा."

"मंग ऱ्हाऊ द्यायचा व्हता," म्हणाले, आणि मशीन सुरू केलं. पण पाय नीट पडत नव्हता. टाके वाकडे आले. तो सदरा त्यांना उसवावा लागला.

हे मी सरांना येऊन सांगितलं. सर हसले, हसता हसता चष्मा काढून पुसत बसले, आणि म्हणाले, "हे सगळ्यांनी करायला पाहिजे, बेटा." पुढच्या बॅचपासून नियम लागला. झेरॉक्सच्या दुकानातले रिपोर्ट हळूहळू बंद झाले. कसे नाही होणार? चोरलेल्या पानावरचे आभार तुम्ही कुणाच्या तोंडावर जाऊन वाचणार? सरांनी धाक घातला नाही, पथक आणलं नाही. नुसतं मोठ्यानं वाचायला लावलं.

आणि बाबा? सर रिटायर होईपर्यंत दर वर्षी मुलाखतींच्या आधी बाबा ते सहा कोट मुखेडला न्यायचे आणि खांदे बसवून परत आणायचे. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी मुलाखतीला घातलेल्या कोटाचा खांदा माझ्या बाबांनी बसवलाय. तुम्ही उसने दिसला नाहीत.

आता शेवटचं. मग बसते.

त्या आभाराच्या पानावर मी शेवटची ओळ सरांसाठी लिहिली होती. सरांनी खिशातून त्यांच्या अब्बांची, बांधणीच्या कामातली स्टीलची छोटी पट्टी काढली, ओळीवर ठेवली आणि पेनानं सरळ रेघ मारली. मी म्हटलं, सर, का? म्हणाले, "मी माझं काम केलं. कामाचे कसले आभार? ही जागा ज्यांना कुणी थँक्यू म्हणत न्हाई, त्यांची हाय. इथं चाचांचं नाव लिही." मी काजंवाल्या चाचांचं नाव लिहिलं.

तुम्हालाही असंच झालंय ना? हात वर करा बरं, ज्यांच्या रिपोर्टात सरांनी स्वतःचं नाव खोडलं.

बघा. भाभी, सना, मागं वळून बघा. हे सगळे हात.

म्हणजे या माणसानं आम्हाला सगळ्या दुनियेला आभार वाचून दाखवायला लावले, आणि स्वतःचे तेवढे ऐकून घेतले नाहीत. मी तीनदा प्रयत्न केला. नोकरी लागली तेव्हा, लग्नाचं आमंत्रण द्यायला आले तेव्हा, आणि ते रिटायर झाले तेव्हा. दर वेळी म्हणायचे, आधी चहा पी. आणि चहा आला की मिलच्या मशिनींबद्दल विचारायचे. मीही म्हणायचे, पुढच्या वेळी. पंधरा दिवसांपूर्वी सनाचा फोन आला, "अब्बा गेले", आणि पुढची वेळ संपली. याचं वाईट मला जन्मभर वाटणार आहे. ते कुणी पुसून टाकू नका, राहू द्या.

ते पान मी आज आणलंय. हे बघा, रेघ किती सरळ आहे. पण खालचं सगळं वाचता येतं. सर, आज पट्टी तुमच्या हातात नाही. आज चहाचं नाव काढता येणार नाही. ऐकून घ्या. वाचते.

"आणि मुजीब सरांचे आभार. त्यांनी मला नापास होऊ दिलं नाही, आणि खोटं पासही होऊ दिलं नाही. माझे वडील जिवंत आहेत, हे त्यांनी मला दाखवून दिलं."

झालं. वाचलं, सर.

आता आपण उभं राहू. बाबा, तुम्ही बसूनच राहा. उठलातच का, बरं, उठा. दोन मिनिटं आपण गप्प राहू, आणि ज्याची जी ओळ सरांनी खोडली ती त्यानं मनात आठवून काढायची. मात्र सरांचा नियम मोडायचा नाही. मनात वाचलेलं चालत नाही. म्हणून दोन मिनिटं झाली की कुणी दाराकडं जाऊ नका. एकेक जण भाभींपुढं या, आपली ओळ आपल्या घरच्या भाषेत मोठ्यानं म्हणा, आणि मगच घरी जा.

सलाम, सर.